इन्सुलिनचा निरोप, मेदपेशीची धावपळ

(मधुमेहाविषयीच्या रेडिओ भाषणमालेतल्या एका भाषणाचा संपादित अंश)



मधुमेह म्हणजे शरीरात इन्सुलिन कमी पडणं, असं आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते खरं आहे, पण अर्धंच. मधल्या वयात मधुमेह झालेल्या माणसाच्या रक्तातलं इन्सुलिन मोजलं, तर निदान सुरुवातीच्या काळात ते पुष्कळदा कमी नसतं. कधी कधी तर निरोगी माणसापेक्षाही जास्त असतं. आणि तरी साखर वाढलेली! असा रिपोर्ट हातात पडलेला माणूस गोंधळून विचारतो, ‘इन्सुलिन आहे, मग साखर हटत का नाही?’ आज मी या एकाच प्रश्नाच्या मागे जाणार आहे. त्यासाठी आपल्याला एका भलत्याच बदनाम जागी शिरावं लागेल, ती म्हणजे चरबीची पेशी. शास्त्राच्या भाषेत मेदपेशी.

आधी थोडा हिशेब मांडू. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून उपाशीपोटी सुमारे चार ग्रॅम ग्लुकोज असतं. चार ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा. आता तो माणूस जेवायला बसतो. दोन-तीन पोळ्या, वाटीभर भात, आमटी, बटाट्याची भाजी. एवढ्या जेवणातून साठ-सत्तर ग्रॅम ग्लुकोज सहज रक्तात उतरतं. म्हणजे जिथे एक चमचा मावतो, तिथे पंधरा-सोळा चमचे येऊन पडतात. तरीही दोन-अडीच तासांनी त्याचं रक्त तपासा, साखर जवळजवळ पूर्वपदावर आलेली असते. मधली साखर गेली कुठे? काही यकृतानं घेतली, काही मेंदूनं वापरली, बरीच स्नायूंनी उचलली आणि थोडी मेदपेशींनी.

यकृत आणि मेंदू यांची दारं ग्लुकोजला कायम उघडी असतात. स्नायू आणि मेदपेशी यांचं तसं नाही. पेशीभोवतीचं पातळ आवरण स्निग्ध पदार्थाचं असतं आणि ग्लुकोज पडलं पाण्यात विरघळणारं. तेलकट भिंतीतून ते आपणहून आत शिरू शकत नाही. त्याला दार लागतं. हे दार म्हणजे एक प्रथिन. पेशीच्या आवरणात ते आरपार बसतं आणि ग्लुकोजच्या एकेका रेणूला आत घेतं.

इन्सुलिनचा शोध टोरांटोला १९२१ साली लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका मधुमेही मुलाला टोचलं गेलं, ही कहाणी बहुतेकांनी ऐकलेली असते. पण त्यानंतरची गंमत कमी लोकांना माहीत असते. इन्सुलिन साखर उतरवतं हे सगळ्यांना दिसत होतं. ते हे काम नेमकं कसं करतं, हे मात्र पंचवीस-तीस वर्षं कोणाला धड सांगता येत नव्हतं. पुष्कळांचा समज असा, की पेशीच्या आत ग्लुकोज जाळणाऱ्या यंत्रणेला इन्सुलिन जोर देत असावं. १९४९-५०च्या सुमारास शिकागोमध्ये रॅकमिएल लेव्हाइन यांनी एक चतुर प्रयोग केला. त्यांनी कुत्र्यांना ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज ही साखर दिली. यकृत वगैरे इंद्रियं वगळली, तर ही साखर शरीराला वापरता येत नाही. तशी व्यवस्था करून त्यांनी इन्सुलिन दिलं, तर तीही रक्तातून कमी झाली! जी साखर पेशी जाळूच शकत नाही ती पेशीत गेली, याचा अर्थ इन्सुलिनचं काम जाळण्याचं नव्हतं, ते दारापाशी चालत होतं.

पण दारापाशी म्हणजे काय? इन्सुलिन बंद दार उघडतं, की नवी दारं करवून घेतं? या प्रश्नाचं उत्तर मिळायला आणखी तीस वर्षं गेली, आणि ते मिळालं मेदपेशीत.

मेदपेशीच का, असं तुम्ही विचाराल. याचं श्रेय मार्टिन रॉडबेल या अमेरिकन शास्त्रज्ञाला. १९६४ साली त्यांनी उंदराच्या चरबीचे तुकडे कोलॅजिनेज नावाच्या एका विकरात ठेवले. पेशींना जोडणारे धागे त्यात विरघळले आणि पेशी सुट्या झाल्या. मेदपेशी म्हणजे जवळजवळ तेलाचा थेंबच, तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग चरबीनं भरलेला. त्यामुळे बाकीच्या पेशी तळाला बसल्या आणि मेदपेशी आमटीवरच्या तर्रीसारख्या वर तरंगल्या. वरचेवर काढून घ्या, की झाल्या प्रयोगाला तयार! शिवाय त्या इन्सुलिनला असा काही प्रतिसाद देत, की काही मिनिटांत त्यांचं ग्लुकोज घेणं दहा-वीस पटींनी वाढे. (माणसाच्या मेदपेशी इतका उत्साह दाखवत नाहीत, हेही सांगायला हवं.) रॉडबेल यांना पुढे १९९४चं नोबेल मिळालं ते वेगळ्या शोधासाठी, पण ही साधी युक्ती मला त्यांच्या नोबेलइतकीच मोलाची वाटते.

१९८० साली दोन गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकच गोष्ट जाहीर केली. एका गटात होते सॅम्युएल कुशमन आणि लॉरेन्स वॉर्डझाला, दुसऱ्यात सुझुकी आणि कोनो. कुशमन यांनी काय केलं ते ऐका. त्यांनी उंदराच्या मेदपेशींचे दोन वाटे केले. एकाला इन्सुलिन दिलं, दुसऱ्याला दिलं नाही. मग पेशी फोडून, यंत्रात गरगर फिरवून, त्यांनी बाहेरचं आवरण एकीकडे आणि आतल्या बारीक पिशव्यांची आवरणं दुसरीकडे वेगळी केली. बुरशीपासून मिळणारं सायटोकॅलॅसिन-बी नावाचं एक रसायन ग्लुकोजच्या दारांना चिकटतं. ते किरणोत्सारी खूण केलेलं असलं, की कुठे किती दारं आहेत ते मोजता येतं. इन्सुलिन न दिलेल्या पेशीत बहुतेक दारं आत सापडली, बाहेर फारच थोडी. इन्सुलिन दिलेल्या पेशीत बाहेरची दारं वाढलेली आणि आतली त्याच मानानं घटलेली. म्हणजे नवं दार एकही बनलं नव्हतं. होती तीच दारं जागा बदलून बाहेर आली होती.

आपल्याकडे आषाढी आली, की एसटी पंढरपूरला जादा गाड्या सोडते. त्या गाड्या काही त्या आठवड्यात बांधून काढलेल्या नसतात. ठिकठिकाणच्या आगारांत असलेल्या गाड्याच तिकडे वळवलेल्या असतात आणि वारी संपली, की त्या आपापल्या आगारात परततात. मेदपेशीतही असंच आगार असतं. त्यातली गाडी म्हणजे मिलिमीटरच्या पंधरा-वीस हजाराव्या भागाएवढा एक सूक्ष्म फुगा आणि त्या फुग्याच्या अंगात बसवलेली ग्लुकोजची दारं. इथे आपली उपमा जरा तुटते, कारण फलाटाला लागल्यावर हा फुगा पेशीच्या आवरणात विरघळूनच जातो, आणि त्याच्या अंगातली दारं आवरणाची दारं होतात. जेवणानंतरचं इन्सुलिन ओसरलं, की आवरणाचा तो तुकडा पुन्हा आत ओढला जातो आणि दारं आगारात जमा होतात. दिवसातून जितक्या वेळा आपण खातो तितक्या वेळा हे चालतं. त्याच फुग्यातून दुसरीही काही प्रथिनं प्रवास करतात, त्यांत एक तर इतर संप्रेरकांना कातरणारं विकर आहे. पण त्या सहप्रवाशांच्या मागे आज आपण लागायला नको.

हे खास दार कोणतं, ते १९८८-८९ मध्ये कळलं. त्याचं नाव ग्लूट-४. तांबड्या रक्तपेशींत सापडणारं ग्लूट-१ आधीच ठाऊक होतं, ते बहुतेक वेळ आवरणातच असतं. ग्लूट-४ मात्र स्नायू, हृदय आणि मेदपेशी यांत असतं आणि इन्सुलिनच्या हुकमाची वाट बघत आत थांबतं. ५०९ अमिनो आम्लांची ही साखळी आवरणातून बारा वेळा आतबाहेर शिवलेली असते. मेदपेशी स्वस्थ असताना यांतली नव्वद टक्क्यांहून अधिक दारं आतच असतात.

आता निरोपाची गोष्ट. या कामासाठी इन्सुलिन स्वतः पेशीत शिरत नाही. पेशीच्या आवरणावर त्याला ओळखणारं एक प्रथिन असतं, त्याला ग्राही म्हणू. इन्सुलिन बाहेरून ग्राहीला बिलगतं, तशी ग्राहीची आतली बाजू जागी होते आणि शेजारच्या प्रथिनाला फॉस्फेटचा टिळा लावते. टिळा लागलेलं प्रथिन पुढच्याला बोलावतं. तो पुढचा, पीआय-३ कायनेज नावाचा, आवरणातल्या एका स्निग्ध रेणूचं रूप बदलतो. त्या बदललेल्या रेणूच्या ओढीनं एकेटी नावाचं प्रथिन आवरणापाशी येतं आणि कामाला लागतं. इथवरची साखळी इन्सुलिनच्या इतर कामांनाही लागते. दारांचा खास प्रश्न सुटतो तो एकेटीनंतर. गुस्ताव लीनहार्ड यांच्या प्रयोगशाळेनं २००२-०३ मध्ये एक प्रथिन शोधलं, त्याचं नाव एएस-१६०. हा आगाराच्या फाटकावरचा पहारेकरी समजा. फुग्यांना हलवणारी रॅब नावाची प्रथिनं असतात, ती इथली वाहतूक नियंत्रक. मेदपेशीत यांतलं रॅब-१० महत्त्वाचं. एरवी एएस-१६० या रॅबला निजवून ठेवतो. एकेटीनं त्याला टिळा लावला, की त्याचा पहारा सुटतो, रॅब जागं होतं, आणि फुगे आवरणाकडे निघतात.

यातली खुबी लक्षात आली का? इन्सुलिन गाड्यांना ढकलत नाही. ते पहारेकऱ्याला बाजूला करतं. गाड्या निघायला तयारच असतात, अडवून ठेवलेल्या असतात. म्हणून तर जेवणानंतर काही मिनिटांतच दारं हजर होतात. नवं प्रथिन बनवायचं ठरवलं असतं तर तास लागले असते, आणि तोवर रक्तात पंधरा चमचे साखर फिरत राहिली असती.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. इन्सुलिन आहे, तरी साखर का हटत नाही? कारण निरोप ग्राहीपाशी पोचतो, पण पुढच्या साखळीत तो क्षीण होत जातो. यालाच डॉक्टर इन्सुलिन-रोध म्हणतात. त्यातही स्नायू आणि मेदपेशी यांचं बिघडणं निराळं आहे. मधुमेही माणसाच्या स्नायूत ग्लूट-४ साधारण नेहमीइतकंच सापडतं, ते हलत नाही. गाड्या आहेत, पण सुटत नाहीत. मेदपेशीत मात्र ग्लूट-४ची संख्याच घटते. इथे गाड्याच मोडीत निघालेल्या असतात. स्वादुपिंड बिचारं निरोप पोचला नाही असं समजून आणखी इन्सुलिन ओततं. रिपोर्टमध्ये दिसणारं ते जास्तीचं इन्सुलिन म्हणजे ऐकू न येणाऱ्याला मोठ्यानं मारलेली हाक असते. वर्षानुवर्षं ओरडून स्वादुपिंडाचा घसा बसला, की मग इन्सुलिन खरोखरच कमी पडू लागतं.

एक शंका तुमच्या मनात आली असेल. साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात, मेदपेशी उचलतात जेमतेम पाच-दहा टक्के. मग त्यांची दारं घटली तर एवढं काय बिघडलं? शास्त्रज्ञांनाही असंच वाटत होतं. २००१ साली बॉस्टनमध्ये बार्बरा कान यांच्या गटानं असे उंदीर तयार केले, की ज्यांच्या फक्त मेदपेशींत ग्लूट-४ नव्हतं. स्नायूंना हात लावला नव्हता. उंदरांचं वजन नेहमीसारखं, चरबीही नेहमीइतकी. तरी त्यांच्या स्नायूंनी आणि यकृतानंही इन्सुलिनचं ऐकणं सोडलं! आणि याहून चमत्कारिक म्हणजे, तोच स्नायू शरीराबाहेर काढून तपासला, तर तो ठणठणीत. म्हणजे दोष स्नायूचा नव्हता. रक्तातून कुणीतरी त्याचे कान भरत होतं आणि तो निरोप निघत होता चरबीतून. २००५ मध्ये याच गटानं असा एक निरोप्या दाखवला, अ जीवनसत्त्व वाहून नेणारं आरबीपी-४ हे प्रथिन. माणसांत त्याच्याविषयी पुढे आलेले निष्कर्ष उलटसुलट आहेत, त्यामुळे सगळा दोष त्याच्या माथी मारणं मला रास्त वाटत नाही. पण मेदपेशी नुसती कोठी नाही, किती साखर आत आली हे बघून ती साऱ्या शरीराला कळवते, ही गोष्ट त्यानंतर कोणी नाकारली नाही.

याच्या उलट प्रयोग आधीच, १९९३ साली झाला होता. ज्या उंदरांच्या मेदपेशींत ग्लूट-४ जादा होतं, ते लठ्ठ झाले, पण साखर पेलण्याची त्यांची ताकद वाढली. आपल्या मनातल्या ‘चरबी म्हणजे पाप’ या समीकरणाला हा उंदीर चांगलाच धक्का देतो. चरबी किती यापेक्षा ती इन्सुलिनचं ऐकते का, हा प्रश्न मोठा. ऐकणारी मेदपेशी साखर आत घेते आणि इन्सुलिन आहे तोवर आपली चरबी धरून ठेवते. न ऐकणारी मेदपेशी चरबी रक्तात सोडत राहते. ती यकृतात आणि स्नायूंत जाऊन साचते आणि तिथला निरोपही अडवते.

हे सगळं आपल्याला महाराष्ट्रात बसून का ऐकायचं? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळीकडून बारीक, स्नायू तर फारच कमी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. ‘बारीक पण चरबीदार’ असं हे बाळ. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापून आला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं अगदी सारखं, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघं सारखेच. ‘मी कुठे जाड आहे, मला कशाला होतोय मधुमेह?’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं तो फोटो बघावा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनं देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला, आणि त्यांतले सगळे काही लठ्ठ नाहीत.

पहारेकऱ्याचं महत्त्व किती, ते मात्र दूर ग्रीनलंडमध्ये कळलं. तिथल्या इन्युइट लोकांत एएस-१६० प्रथिनाच्या जनुकात एक बदल आढळतो. त्यामुळे स्नायूंतलं हे प्रथिन अर्धवटच राहतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आई आणि वडील दोघांकडून हा बदल आलेली माणसं तिथे सुमारे चार टक्के आहेत आणि त्यांना मधुमेहाचा धोका दहापट आहे. तुम्ही म्हणाल, पहारेकरीच नाही तर गाड्या मोकाट सुटायला हव्यात. पण प्रत्यक्षात अशा स्नायूत ग्लूट-४च कमी आढळलं. पहारेकरी गेला, की आगारही टिकत नाही. आणखी एक बाब डॉक्टरांनी ध्यानात ठेवण्यासारखी. या लोकांची उपाशीपोटीची साखर चांगली असते, थोडी कमीच. ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासलं, की ती भरमसाट वाढलेली दिसते. केवळ सकाळच्या उपाशीपोटी तपासणीवर विसंबलं, तर हा मधुमेह निसटतो.

शेवटी एका दुसऱ्या रस्त्याची गोष्ट. स्नायूत ग्लूट-४ बाहेर आणायला इन्सुलिन हा एकच मार्ग नाही. स्नायू आखडला-सैलावला, की त्या हालचालीनंही दारं बाहेर येतात, आणि इन्सुलिनचा निरोप बुजलेल्या मधुमेही माणसातही हा मार्ग बराचसा चालू असतो. कोपनहेगनमधल्या एरिक रिख्टर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी तरुणांना फक्त एका पायाचा व्यायाम करायला लावला. दुसरा पाय स्वस्थ. काही तासांनी इन्सुलिन देऊन दोन्ही पायांची मोजणी केली. रक्त तेच, इन्सुलिन तेवढंच, माणूसही एकच. पण श्रमलेला पाय जास्त साखर घेत होता, बसून राहिलेला कमी. मेदपेशीला मात्र ही सोय नाही. ती आखडत नाही, सैलावत नाही. तिच्या आगारातली दारं हलायची तर इन्सुलिनचा निरोप तिला ऐकूच यावा लागतो.